धोपाव्याच्या धक्क्यावरची १,३४० नाणी आणि त्यातली ५

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढत होतो आणि मान वाकडी करून खांद्यावर फोन धरला होता. हे आधीच सांगतो कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. तो म्हणाला, मामा, पाच रुपयाच्या नाण्यावर सिंहाच्या बाजूला पण पाच आहे, आणि तो उलटा आहे, आरशात दिसतो तसा. मी नाणं बघितलं नाही, फोटो मागितला नाही, सरळ म्हणालो, अरे लाखी मिळाली की काय तुला!

लाखी म्हणजे आपल्याकडचे नाणीवाले ब्रोकेज एररला म्हणतात तो शब्द, म्हणजे टांकसाळीतच छपाई चुकून एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उलटं उमटलेलं नाणं. पण सतरा वर्षांच्या पोराने लाखी ऐकलं की त्याला लाख ऐकू येणारच ना. त्याने त्याच रात्री नाण्याचा फोटो कुठेतरी टाकला, दुसऱ्या दिवशी एकाचा फोन, नाण्याचे तीन लाख देतो, फक्त नोंदणी फी ९९९ भर. भरली. मग जीएसटीचे म्हणून १,८००. तेही भरले, टपरीच्या क्यूआरचं खातं ताईच्या नावावर आहे आणि तिचा फोन याच्याच हातात असतो, तिथून. तिसऱ्या वेळी ४,५०० मागितले तेव्हा ताईला मेसेज दिसला. एकूण गेले २,७९९.

ताईचा मला फोन आला तो एकाच वाक्याचा होता, "खूळ तू लावलंस, आता तूच येऊन निस्तर."

आता थोडी परिस्थिती सांगतो. ताईची टपरी धोपाव्याच्या धक्क्याजवळ आहे, गुहागर तालुक्यात, समोर खाडीपलीकडे दाभोळ, मधे फेरीबोट. गाड्या बोटीची वाट बघत उभ्या राहतात तेवढ्या वेळात चहा, वडापाव, पाण्याची बाटली. आता बरेच जण क्यूआरच मारतात पण चहाचे दहा रुपये अजून नाण्यातच येतात, आणि त्यात गंमत अशी की दहाचं नाणं लोक देतात बिनधास्त, घेताना मात्र नाक मुरडतात. "हे नको, नोट द्या, हे चालत नाही." त्यामुळे ताईकडे दहाची नाणी साठत गेली, बाकीच्या सुट्ट्यांसकट एक तेलाचा पत्र्याचा डबा पूर्ण आणि एक बरणी. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याची तोवरची चौदाच्या चौदा डिझाइन चालतात, पण वडापाव खाणाऱ्या माणसाला कोण ते वाचून दाखवणार.

मी रविवारी सकाळी चिपळूणहून निघालो, गुहागर करत धोपाव्याला. बरोबर घेतलं काय तर सोनाराकडे असतो तसा खिशातला डिजिटल काटा (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो), दहा पट भिंग, शाळेतल्या प्रयोगशाळेसारखा व्हर्नियर, आणि फ्रीजच्या दारावरचं एक लोहचुंबक जे बायकोच्या नकळत उचललं. एवढंच. ज्याला सुरुवात करायचीय त्याला मी एवढंच सांगेन, अल्बम आणि कॅटलॉग नंतर घ्या, आधी काटा घ्या.

डबा आणि बरणी ओटीवर जुनं बेडशीट अंथरून ओतली. एकची ४१२, दोनची ३५६, पाचची ३०१, दहाची २७१, एकूण १,३४०. त्यातली ४३ भाच्याने आधीच वेगळी काढून पेढ्याच्या बॉक्समध्ये ठेवली होती आणि बॉक्सवर मार्करने लिहिलं होतं, एरर. मला हसू आलं पण ताई बाजूला उभी होती म्हणून हसलो नाही.

पहिलं अर्थातच ते पाचचं. जुनं जाडजूड, तांबं-निकेलवालं, ९ ग्रॅमचं, १९९२ पासून जी पाच रुपयाची यायची ती. (ती नाणी सीमेपलीकडे नेऊन ब्लेड बनवतात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या.) काट्यावर ठेवलं, ८.९४. भाचा लगेच, "बघ मामा, वजन बरोबर आहे!" इथे मला कळलं की मी आजवर त्याला अर्धवटच शिकवलंय. काटा आधी घ्या म्हणतो मी, पण काट्याला सगळं कळतं असं नाही. ज्या खोट्या एररमध्ये धातू काढलाही नाही आणि घातलाही नाही तिथे काटा गप्प बसतो.

मग त्याला भिंग दिलं आणि विचारलं, सिंह दिसतात का? म्हणाला दिसतात, चेपलेत पण दिसतात. आणि त्यांच्यावर पाच? हो, खोल गेलेला, उलटा.

इथे जरा थांबून टांकसाळीत काय होतं ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात, तिला ब्लँक म्हणतात. तिची कड उचलून घेतात. मग ती प्रेसमध्ये दोन डायच्या, म्हणजे ठशांच्या, मधे येते, एका डायवर सिंह, दुसऱ्यावर पाच, बाजूने कॉलर म्हणजे कडं असतं जे धातू बाहेर पसरू देत नाही. एक दणका बसला की नाणं तयार, ते बाहेर फेकलं जातं, पुढची चकती येते. आता समजा तयार नाणं बाहेर गेलंच नाही आणि सिंहाच्या डायला चिकटून बसलं. पुढची कोरी चकती आली तर तिला खालून पाचचा डाय बरोबर लागतो, पण वरून डाय लागत नाही, वर चिकटलेल्या नाण्याची पाचची बाजू लागते. म्हणून त्या चकतीवर एका बाजूला सरळ पाच आणि दुसऱ्या बाजूला खोलगट उलटा पाच उमटतो. हीच लाखी. महत्त्वाचं काय, तर त्या दुसऱ्या बाजूला सिंह असूच शकत नाहीत. कारण सिंहाचा डाय त्या चकतीपर्यंत पोचलाच नाही, मधे नाणं होतं.

हे मी बोलून दाखवलं तर भाचा मान हलवत होता पण डोळ्यांत काही उतरलेलं दिसेना. आत ताई मोदकांसाठी उकड मळत होती, म्हणजे मामा आला म्हणून मोदक, रागावली असली तरी. मी उकडीचा एक गोळा मागून घेतला, केळीच्या पानावर चपटा केला, त्यावर एक चांगलं पाचचं नाणं दाबलं आणि उचललं. सुंदर उलटा पाच, खोलगट, कड एकदम स्वच्छ. दुसरा गोळा घेतला, त्यावर आधी सिंहाची बाजू दाबली, मग त्याच जागी दुसऱ्या नाण्याचा पाच दाबला. सिंह अर्धे मोडले, पाच अर्धा उमटला, सगळा गिचका. दोन्ही गोळे शेजारी ठेवले आणि मधे त्याचं तीन लाखवालं नाणं ठेवलं.

तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मामा, ह्याच्यात दोनदा काहीतरी झालंय. त्याच्यात एकदाच."

बस्स. मला जे दहा वाक्यांत सांगता येत नव्हतं ते त्याने दोनात सांगितलं. त्याच्या नाण्यावर आधी सिंह नीट छापले गेले होते, म्हणजे नाणं टांकसाळीतून ठणठणीत बाहेर पडलं होतं, मग कोणीतरी त्यावर दुसरं पाचचं नाणं ठेवून वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये आवळलं. खुणा सगळ्या होत्या, वरची कड चपटी झालेली, मागच्या बाजूचा सरळ पाच सुद्धा दबलेला, कारण त्या बाजूला व्हाइसचा जबडा टेकला होता. कोणी केलं माहीत नाही, धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे कमी नाहीत आणि दुपारी काम नसलं की हात शिवशिवतात. फसवायला केलं असेल असंही मला वाटत नाही, टाइमपास असेल. (तुम्ही घरी करून बघू नका, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं मोडणं वितळवणं गुन्हा आहे. उकडीवर करा.)

तर खरा प्रश्न विचारायचा तो हा. नाणं वेगळं दिसतंय का, हे नाही विचारायचं. टांकसाळीतल्या कुठल्या पायरीला हे होऊ शकतं, हे विचारायचं. चकती पाडताना, डाय बनवताना किंवा झिजताना, की दणका बसताना. या तीनपैकी एकात गोष्ट बसली पाहिजे. नाही बसली तर ते नाणं बाहेर पडल्यानंतर कुणाच्या तरी हाताने, चाकाने, हातोडीने किंवा खाऱ्या हवेने बिघडलेलं आहे.

मग आम्ही पेढ्याचा बॉक्स एकेक करत रिकामा केला. इथे भाच्याच्या चुका मला मनापासून आवडल्या, कारण त्या आळशी पोराच्या चुका नव्हत्या. बघणाऱ्या पोराच्या होत्या.

अकरा नाणी त्याने काढली होती कारण सालाखाली काही खूणच नव्हती. त्याला कुठूनतरी कळलं होतं की सालाखाली खूण असते, मग ज्यावर नाही ते एररच ना? नाही रे बाबा, ते कोलकात्याचं. आपल्या चार टांकसाळी, मुंबईची खूण हिरा म्हणजे तिरका चौकोन, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल टिंब, आणि कोलकाता खूणच टाकत नाही. पण त्याने नकळत व्हरायटीचं दार उघडलं होतं. एकाच सालाचं, एकाच किमतीचं नाणं चार टांकसाळींचं चार प्रकारचं मिळू शकतं, आणि ते सगळं धक्क्यावर दर्शनी किमतीत मिळतं, दोन रुपयाचं नाणं दोन रुपयालाच. सुरुवात करणाऱ्याला याहून चांगला अभ्यास नाही. एररच्या मागे धावलात तर वर्षात दोन मिळतील, टांकसाळीच्या खुणा लावत बसलात तर रोज काहीतरी मिळतं आणि डोळा आपोआप तयार होतो, डोळा तयार झाला की एरर स्वतःच समोर येऊन उभी राहते.

नऊ नाणी त्याने काढली होती ती तर कमालच. दोन रुपयाची "छोटी" नाणी. त्याने जुना स्टीलचा एक रुपया आणि नवीन दोन रुपये एकावर एक ठेवून बघितले होते आणि ते तंतोतंत जुळले! मग त्याचा निष्कर्ष, एक रुपयाच्या चकतीवर चुकून दोन रुपये छापले गेले. तर्क एकदम बरोबर, अशी एरर जगात होते, चुकीच्या चकतीवर छपाई. फक्त इथे झालंय वेगळंच. १९९२ पासूनचा स्टीलचा एक रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. २००७ च्या हाताच्या मुद्रेवाल्या दोन रुपयाचं माप २७ मिलिमीटर, ५.६२ ग्रॅम. २०११ ला रुपयाचं चिन्ह असलेली मालिका आली तेव्हा एक-दोन रुपयाची नाणी एकेक पायरी खाली घसरली, नवीन दोन रुपये झाले २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, म्हणजे जुन्या रुपयाएवढेच. आणि नवीन रुपया झाला साधारण २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, म्हणजे मुद्रेवाल्या पन्नास पैशाएवढा. एसटीच्या कंडक्टरपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तेव्हा शिव्या घातल्यात. त्यामुळे लाखो करोडो नाणी अशीच आहेत, एरर नाही. पण मापं तोंडपाठ असणं किती गरजेचं ते यातून त्याला कळलं, त्याने तिथेच वहीच्या मागच्या पानावर सगळी मापं लिहून घेतली.

पाच दहाची होती, ती पंधरा रेघांची. दहाच्या बऱ्याच नाण्यांवर वरच्या बाजूला किरणांसारख्या रेघा असतात, रुपयाच्या चिन्हाआधीच्या नाण्यांवर पंधरा, चिन्ह आल्यानंतरच्यांवर दहा. याच पंधरा रेघांवरून "नकली नाणं" अशी आवई उठली होती आणि अजून ती बसलेली नाही. म्हणजे बघा, ज्याला नाणीवाला व्हरायटी म्हणतो त्याला बाजार नकली म्हणतो. ताई म्हणाली, "मग मी गेली किती वर्षं लोकांचं ऐकून घेतेय ते उगाचच?" उगाचच. पाचही परत डब्यात गेली.

आठ नाणी गंजकी. धक्क्यावर खारा वारा, मासळीवाल्या बायका ओल्या हाताने पैसे देतात, नाणी बर्फाच्या पाण्यात भिजलेली, स्टील असलं तरी त्याला बारीक खड्डे पडतात. त्यात कुठे "भारत" मधला र उडालेला, कुठे सालाचा शेवटचा आकडा गायब. खरंच अक्षर गायब होण्याची एरर असते, डायच्या खाचेत ग्रीस किंवा घाण भरली की तिथला धातू वर उठत नाही. पण मग ती जागा गुळगुळीत असते, बाजूच्या मैदानासारखीच चकाकी असते. इथे भिंगाखाली खरबरीत, करडी-जांभळट, जांभ्या दगडासारखी. आठही गेली. तीन तर उघड उघड मार खाल्लेली, एकावर खेडच्या कुठल्यातरी पोराने कोकण रेल्वे चालवली होती, लांबट कागदासारखं झालेलं, गणपतीला गावी येताना बहुतेक रुळावर ठेवलं असणार. आमच्या पिढीने पण केलंय ते, उगाच साळसूदपणा नको.

आणि एक दहाचं, ज्याच्यावर मी स्वतः सेकंदभर फसलो. मधला पांढरा गोळा बाहेरच्या पिवळ्या कड्याच्या मानाने फिरलेला, म्हणजे गोळ्यावरचं चित्र तिरकं आणि कड्यावरची अक्षरं सरळ. जबरदस्त दिसत होतं. पण पुन्हा तोच प्रश्न, कुठल्या पायरीला? दहाच्या नाण्यात कोरा गोळा कोऱ्या कड्यात बसवतात आणि मग दोघांवर मिळून एकच दणका बसतो, तिथेच ते एकमेकांत घट्ट होतात. म्हणजे चित्र छापलं जाताना गोळा आणि कडं दोघं जागेवरच असतात, चित्र दोघांवरून सलग जाणार. चित्र तुटून फिरलेलं दिसलं तर गोळा नंतर कोणीतरी ठोकून बाहेर काढलाय आणि परत बसवलाय. खऱ्या एररमध्ये गोळा जागेवरून सरकलेला असू शकतो, कड्यावर सांडलेला असू शकतो, पण चित्राची रेघ पांढऱ्यावरून पिवळ्यावर न अडखळता जाते. याला जोडावर भिंग लावलं तर छिन्नीचे दोन ओरखडे सापडले. भाच्याला ते मिळाले, मला नाही, मी तोवर चष्मा शोधत होतो.

असे करता करता उरली पाच. तीनवर डायची चीर होती, म्हणजे डाय वापरून वापरून तडकतो, त्या तडीत धातू शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उठलेली रेघ येते. नखाने कळतं, ओरखडा नखाला आत ओढतो, डायची चीर नखाला अडते. अशा बारीक चिरांना बाजारात फार कोणी विचारत नाही, पण शिकायला सोनं. एक दोन रुपयाचं फिरलेलं. आपली नाणी अशी असतात की वर-खाली दोन बोटांत धरून दारासारखं बाजूला फिरवलं तर मागची बाजू पण सरळच दिसली पाहिजे. हे फिरवलं तर सिंह दाभोळच्या दिशेला कलंडलेले, अंदाजे चाळीस अंश. दोनपैकी एक डाय प्रेसमध्ये फिरून बसला होता. पाच-दहा अंश फिरलेली स्टीलची नाणी ढिगाने मिळतात, त्यांचं कौतुक करू नका, चाळीस म्हणजे ठेवण्यासारखं.

आणि पाचवं. एक रुपया, उंदराने बिस्किट कुरतडावं तशी कड एका बाजूने अर्धचंद्र खाल्लेली. भाच्याने ते बॉक्सच्या तळाला टाकलेलं, त्याला वाटत होतं कोणीतरी कापलंय. काट्यावर ३.६१. वजन कमी असणारच, कापलं तरी कमी आणि मुळात कमी चकती असली तरी कमी, इथे पण काटा निकाल देत नाही. भिंगाने खाल्लेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघितली, तिथे कडेचा उंचवटा विरघळल्यासारखा बसका. हीच खूण. चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर अर्धवट पडते आणि चंद्रकोर उडते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात त्या खाचेसमोरच्या बाजूला दाब मिळत नाही, म्हणून समोरची कड बसकी राहते. नाणीवाले याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. कोणी कात्रीने किंवा कानशीने कापलं तर समोरची कड कशाला बसेल? शिवाय खाचेजवळची अक्षरं तुटलेली नव्हती, काठाकडे ओघळल्यासारखी ताणलेली होती, म्हणजे दणका बसला तेव्हा खाच आधीपासून होती.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो हे मला नंतर ताईने सांगितलं. तिला काय, तिला त्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणाली, "ह्या कुरतडलेल्या रुपयाचे तीन लाख?" नाही गं. एखादा हौशी शंभर-दोनशे देईल, जास्त देईल किंवा काहीच देणार नाही. माझ्याकडचं अशा जातीचं एक मी दीडशेला घेतलं होतं. पण हे खरं आहे.

तीन लाखांचं पण बोलून टाकू. २०१२ ची वैष्णोदेवीची नाणी असोत नाहीतर ट्रॅक्टरची पाच रुपयाची नोट, लाखात घेतो म्हणणारा माणूस आधी तुमच्याकडून पैसे मागतो तिथेच विषय संपला पाहिजे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं साधं आहे, पण मोहात माणसाला दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये खास इशारा दिला होता की आमचं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांसाठी फी, कमिशन, टॅक्स मागतात, आम्ही असला व्यवहार करत नाही आणि कोणाला करायला सांगितलेलंही नाही. आम्ही मग सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करून तक्रार नोंदवली, पण पाच दिवस उलटून गेले होते, पैसे परत आले नाहीत. त्यातले अर्धे मी ताईला दिले. लाखी शब्द माझा होता.

दुपारी मोदक खाताना आजी, म्हणजे ताईची सासू, आतून एक डबा घेऊन आली, तिला वाटलं पोरगा नाणी जमवतोय तर देऊन टाकू. त्यात १९८५ चा एक रुपया, हिरा आहे पण सालाच्या मध्यावर नाही, पहिल्या आकड्याखाली! हा मुंबईचा नाही, त्या वर्षी नाणी कमी पडली म्हणून बाहेरून पाडून आणली, हा वेल्समधल्या लँट्रिसंटचा. त्याच सालाचा एच खुणेचा मिळतो तो बर्मिंगहॅमचा. भाचा खूश, कारण तोवर त्याला हिरा म्हणजे मुंबई एवढंच माहीत होतं, हिरा कुठे आहे ते पण बघायचं असतं हे नवीन. किमतीला फार नाही, गोष्ट मात्र भारी, वेल्समधून निघालेला रुपया धोपाव्याला फण्यांच्या डब्यात.

आणि देव्हाऱ्यात शिवराई होती. तांब्याची, जाडी, वेडीवाकडी. आजी दर सणाला ती आमसुलाने घासते, पितळेच्या समईबरोबर, त्यामुळे लालबुंद चकचकीत आणि अक्षरं अर्धी गेलेली. "श्री राजा" पर्यंत वाचता आलं, खाली शिव आहे की सिव ते लागेना, शिवराईत दोन्ही सापडतात, हाताने कोरलेले ठसे, प्रत्येकाचं वळण वेगळं, व्हरायटी जमवणारा माणूस एका शिवराईवर जन्म काढू शकतो. मी म्हटलं आजी, घासू नका हो हे, त्याचा तो काळा थरच त्याची ओळख. आजी म्हणाली, "ता देवाचा हाय, तुझ्या वहीतला नाय." विषय बंद. बरोबरच आहे तिचं.

भाच्याने मात्र पेढ्याच्या बॉक्समधली सहा नाणी आधीच चिंचेने घासून ठेवली होती. नशीब त्यात ते कुरतडलेलं नव्हतं. घासायचं नाही, कशानेच नाही, फार तर साध्या पाण्याने धुवून टिपून घ्यायचं. आणि आपल्याकडे ठेवण्याचा प्रश्न मोठा. पावसाळ्यात डब्यातले पापड वातड होतात तिथे नाण्यांचं काय होणार, हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या (नवीन बुटांच्या खोक्यातल्या जपून ठेवा), आणि ते मऊ वासाचं पीव्हीसीचं पाकीट अजिबात नको, दोन वर्षांत तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं. हे मी वाचून सांगत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझे दोन अल्बम दोन दिवस चिखलात होते. पाकिटं नाण्यांना चिकटली ती सोलून काढावी लागली, त्यातला एक १९११ चा रुपया, पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी डिझाइन बदललं तो. हत्तीच्या अंगावर आता प्लास्टिकचा डाग आहे. त्याच्याकडे बघितलं की अजून पोटात कसंतरी होतं.

संध्याकाळी निघताना हिशेब असा होता. १,३४० पैकी ठेवली पाच एरर. टांकसाळी आणि सालं लावून आणखी २६ नाणी, त्यांचे पैसे भाच्याने स्वतःच्या खिशातून ताईच्या गल्ल्यात टाकले, ही अट ताईची. व्हाइसवालं पाच आणि छिन्नीवालं दहा मी त्याला जपून ठेवायला सांगितलं, वेगळ्या पाकिटात, वर लिहून, खोटं. बाकीची बरणीत परत. दहाची ताईने सोमवारी बँकेत नेली, कॅशियरने तोंड वाकडं केलं पण घेतली.

वही त्याने व्यवस्थित घातलीय. प्रत्येक नाण्याला साल, टांकसाळ, वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, कुठे मिळालं, आणि शेवटचा रकाना, "कुठली पायरी". त्या रकान्यात काही लिहिता आलं नाही तर नाणं गल्ल्यात जातं. हा नियम त्याचा, माझा नाही.

परवा रात्री साडेदहाला फोन आला. मामा, पाचचं पितळी नाणं आहे, २००९ नंतरच्या डिझाइनचं, पण रंग पांढरा आहे आणि चुंबकाला चिकटतंय. वजन ५.९८, व्यास २३. माझ्या जिभेवर आलं होतं, कारण २००७ चं स्टीलचं पाच पण ६ ग्रॅम आणि २३ मिलिमीटरचंच होतं, आणि डिझाइन बदलताना जुन्या धातूची चकती नवीन डायखाली गेली तर नेमकं असंच नाणं निघेल. मी म्हटलं, कडेचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा पाठव, उजेडात काढ, आणि कोणाला बोलू नको.

फोटो आलेत, अंधुक आहेत. रविवारी जातोय.